साडेसहा इंची मनगट आणि ४२ मिमीचं डायव्हर

प्रश्न असा आहे: मनगटाचा घेर साडेसहा इंच, म्हणजे १६.५ सेंमी. डायव्हर धाटणीचं, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवतात तसलं, घड्याळ रोज वापरायला घ्यायचंय, ऑफिसातही आणि पावसातही. पण आवडलेली बहुतेक घड्याळं ४२ मिमी किंवा त्याहून मोठी आहेत. ती हातावर ताटलीसारखी दिसतील का, दिवसभर जड होतील का, आणि पट्टा कुठला लावावा?

४२ हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. तो केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचा, व्यास आहे, आणि तोही बहुतेक वेळा चावी (वेळ लावायचं बाजूचं बटण) सोडून मोजलेला. घड्याळ हातावर मोठं वाटणार की नाही, हे ठरतं उभ्या लांबीवर. पट्टा अडकवायला केसला चार शिंगं असतात, ते लग. वरच्या लगाच्या टोकापासून खालच्या लगाच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे लग-टू-लग.

जपानी सायको कंपनीचं एसकेएक्स००७ हे डायव्हर घ्या. १९९६ ते २०१९ अशी तेवीस वर्षं ते बाजारात होतं आणि अजूनही हौशी लोकांचं मोजमापाचं माप तेच आहे. व्यास ४२.५ मिमी, पण लग-टू-लग फक्त ४६. त्याच्या शेजारी २०१८ मध्ये आलेलं ट्युडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट ठेवा. व्यास ३९, लग-टू-लग पावणेअठ्ठेचाळीसच्या आसपास. म्हणजे कागदावर साडेतीन मिमी लहान असलेलं घड्याळ हातावर दीड-पावणेदोन मिमी जास्त लांब बसतं. ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३००एम ४२ मिमीचंच, पण लांबी पन्नासच्या घरात. साडेसहा इंची मनगटावर एसकेएक्स निवांत बसेल आणि सीमास्टर काठावर येईल. दोन्हींच्या जाहिरातीत व्यास मात्र जवळपास एकच वाचायला मिळेल.

दुसरी फसवणूक डोळ्यांची असते, आणि ती आपल्या फायद्याची आहे. डायव्हरच्या डायलभोवती जाड फिरती कड असते, ती बेझल. एसकेएक्सची डायल जेमतेम २८.५ मिमीची, बाकी सगळी बेझल आणि केस. बारीक कडेच्या ४० मिमीच्या साध्या घड्याळात डायल ३५-३६ मिमीपर्यंत पसरते. पांढऱ्या डायलचं असं साधं घड्याळ काळ्या बेझलच्या ४२च्या डायव्हरपेक्षा मोठं दिसतं.

आता स्वतःचं माप घ्या. घेर पुरेसा नाही, कारण सारख्याच घेराची दोन मनगटं वेगळी असतात: एक चपटं, एक गोल. हात टेबलावर पालथा ठेवा, मनगटाच्या दोन्ही बाजूंना दोन काड्यापेट्या उभ्या टेकवा, हात अलगद काढून घ्या आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. साडेसहा इंची मनगटात हे साधारण ५३ ते ५६ मिमी भरतं. या रुंदीपेक्षा लग-टू-लग सहा-सात मिमीने कमी असेल तर निर्धास्त घ्या, म्हणजे ४८ पर्यंत. ४९-५० ला लग खाली वळलेले हवेत, आणि मनगट चपटं हवं. त्यापुढे लगांची टोकं मनगटाच्या कडेबाहेर अधांतरी राहतात आणि पट्टा सरळ खाली लोंबतो. लोक ज्याला ताटली म्हणतात ती हीच. व्यासाचा त्यात फारसा दोष नसतो.

एक पुठ्ठ्याचा तुकडा कापून बघा. ४८ मिमी लांब, ४२ रुंद. तो मनगटावर ठेवून आरशासमोर उभं राहा. फोनने जवळून फोटो काढून ठरवू नका. वीत-दीड वीत अंतरावरून फोनची रुंद लेन्स जवळची वस्तू फुगवते आणि मागचा हात बारीक करते. इंटरनेटवर "माझ्या हाताला मोठं दिसतंय का?" म्हणून येणारे निम्मे फोटो याच कारणाने घाबरवणारे असतात. समोरचा माणूस तुमचं घड्याळ चार-पाच फुटांवरून बघतो, तेवढ्याच अंतरावरून आरशात बघा.

चेनचं घड्याळ घेणार असाल तर आणखी एक माप धरा, जे कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं. केसला चिकटून बसणारी चेनची पहिली कडी दोन प्रकारची असते. एका प्रकारात तिचा मधला भाग लगांच्या आतच संपतो आणि पुढची कडी तिथूनच खाली वळते. दुसऱ्यात मधला भाग जिभेसारखा लगांच्या बाहेर येतो आणि वळण तिथून सुरू होतं. ही जीभ दोन्ही बाजूंना दोन-तीन मिमी बाहेर असेल, तर ४८चं घड्याळ चेनवर ५२-५४चं होऊन बसतं. तेच घड्याळ रबरी पट्ट्यावर मात्र छान मिठी मारतं. चेनवर मोठं वाटलं म्हणून घड्याळ विकून टाकणाऱ्यांनी आधी शंभर-दोनशे रुपयांचा एखादा साधा पट्टा लावून बघायला हवा होता.

जाडीचं सांगतो. डायव्हर १२ ते १४ मिमी जाड असतात, आणि ती हौस नाही. २०० मीटर म्हणजे सुमारे २० बारचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोंच्या वर. ३१.५ मिमी व्यासाच्या काचेचं क्षेत्रफळ ७.८ चौरस सेंमी. म्हणजे तेवढ्याशा काचेवर दीडशे किलोंपेक्षा जास्त भार. म्हणून काच जाड, मागचं झाकण आट्यांचं आणि जाड, त्यावर बेझल आणि आतलं ऑटोमॅटिक मशीन, असे थर चढत जातात. प्रश्न ही जाडी कुठे आहे याचा. झाकण मागे फुगीर असेल तर केस हातापासून उचललेली राहते आणि घड्याळ डुगडुगतं. झाकण सपाट आणि जाडी वरच्या बाजूला, बेझल-काचेत असेल, तर तेच १३ मिमी निमूट बसतात. दुकानात घड्याळ सपाट काचेवर ठेवून आडव्या नजरेने बघा: लगांची टोकं झाकणाच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली यायला हवीत. झाकण खाली आणि लग हवेत असतील तर लहान मनगटाने ते टाळावं.

वजनाबद्दल लोक उगाच घाबरतात. कॅसिओचं ड्युरो (४४.२ मिमी रुंद, ४८.५ लांब, १२.१ जाड, रेझिनच्या पट्ट्यासकट ९२ ग्रॅम) आणि स्टीलच्या चेनचं १६०-१७० ग्रॅमचं डायव्हर यांत दुसरं संध्याकाळी कमी त्रास देतं, असं बऱ्याचदा होतं. चेनमुळे खालच्या बाजूला तोलायला वजन असतं. डोकं जड आणि पट्टा हलका असला की हात हलवला रे हलवला की घड्याळ बाहेरच्या बाजूला कलंडतं, मग आपण पट्टा आवळतो, आणि दुपारपर्यंत हात सुजल्यासारखा वाटतो. हलकंच हवं असेल तर टायटॅनियम बघा. घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडीच जास्त, त्यामुळे त्याच आकाराची केस चाळीसेक टक्के हलकी. आणि निकेलने पुरळ उठणाऱ्यांना तर तेच बरं, कारण ३१६एल स्टीलमध्ये दहा टक्क्यांहून जास्त निकेल असतं. फक्त त्याच्या वरच्या थरावर कडक मुलामा नसेल तर ओरखडे लवकर दिसतात.

घालायची जागा: करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर येतं, त्याच्या मागे, कोपराच्या अंगाला. हाडाच्या पुढे, तळहाताकडे सरकलं की चावी हाताच्या पाठीत रुतते. हात मागे वाकवून टेबलावर टेकवला, दंड काढले, दुचाकीच्या हँडलवर रेललं, की ७ मिमी जाडीची आट्यांची चावी लाल वर्तुळ उमटवते. एसकेएक्सची चावी चारच्या आकड्यापाशी आहे ती यासाठीच. सिटिझनच्या प्रोमास्टर एनवाय००४० ला तर ती डाव्या अंगाला, आठपाशी आहे. तीनपाशी चावी असलेलं घड्याळ घेणार असाल तर दुकानात हात पूर्ण मागे वाकवून बघाच. आणि दुकानातली चेन सैल असते, म्हणून घड्याळ खाली घसरून मोठं भासतं. जास्तीची चेन मनगटाखाली चिमटीत धरून मगच आरशात बघा.

चेनची लांबी बसवणं हा या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच दुकानातला पोऱ्या पाच मिनिटांत उरकतो. एक कडी साधारण ७ ते ९ मिमीची असते. लॉकच्या कडेला जी तीन-चार बारीक छिद्रं असतात, त्यातलं एक छिद्र म्हणजे दोन-अडीच मिमी. कड्या काढताना त्या छिद्रांपैकी मधलं वापरात ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात एक बाहेर आणि थंडीत एक आत सरकवता येईल. माप घ्यायचं संध्याकाळी, चालून आल्यावर. सकाळी एसीच्या दुकानात बरोब्बर बसलेली चेन मे महिन्यातल्या दुपारी काचायला लागते. बसवल्यावर लॉकखाली करंगळी सहज जायला हवी. तर्जनी जात असेल तर सैल आहे. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्या ठेवायचा आग्रह नको. सहाच्या बाजूला एखादी कडी कमी ठेवली की लॉक मनगटाच्या बरोबर मधोमध येतं.

स्वतः करणार असाल तर कडीच्या आतल्या बाजूला बाण असतो. पिन बाणाच्या दिशेने ठोकून काढायची आणि घालताना उलट दिशेने घालायची. सायकोच्या बऱ्याच चेनमध्ये पिनेबरोबर कडीच्या आत एक इवलीशी नळी असते, तांदळाच्या कणीएवढी. पिन ठोकली की ती कधी आतच राहते, कधी निसटून फरशीवर जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नळीशिवाय पिन परत बसते, वरून सगळं ठीक दिसतं, पण तिला धरून ठेवणारं काहीच नसतं. आठ-पंधरा दिवसांत पिन एका बाजूने अर्धा मिमी डोकावते, शर्टाचा दोरा तिला अडकतो, आणि एके दिवशी स्टेशनच्या जिन्यावर घड्याळ हातातून सुटतं. म्हणून पांढरा रुमाल पसरून त्यावरच काम करा, आणि प्रत्येक पिनेमागे एक नळी मोजून वाटीत ठेवा. स्क्रूची चेन असेल तर परत बसवताना कमी ताकदीचं जांभळं लॉकटाइट २२२ (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) सुईच्या टोकाएवढं लावा. नाही लावलं तर रोजच्या हालचालीने स्क्रू फिरत बाहेर येतो. लाल लॉकटाइट लावू नका. ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

रबरी पट्ट्यांत एफकेएम (फ्लोरिनयुक्त कृत्रिम) रबर घ्या. सिलिकॉन मऊ लागतं, पण धूळ, कापसाचे तंतू, सगळं ओढून घेतं आणि होळीचा रंग तर कायमचा. पट्ट्याखाली पुरळ आलं की लोक रबराची ॲलर्जी म्हणतात. बहुतेक वेळा तो साचलेला घाम आणि न धुतलेला साबण असतो. दिवसातून एकदा काढून पट्टा आणि हात दोन्ही कोरडे करा, आठवड्यातून एकदा भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब आणि मऊ टूथब्रश. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर चामडी पट्टा नकोच. चार दिवस ओला राहिला की बुरशी धरतो.

काही डायव्हरच्या पट्ट्यावर लगांपाशी हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या दिसतात. सायकोने १९७५च्या टायटॅनियम डायव्हरपासून त्या आणल्या. खोल पाण्यात दाबामुळे पाणबुड्याचा निओप्रीनचा (फेसाळ रबराचा) सूट चेपला जातो, हातावरचा घेर कमी होतो आणि पट्टा सैल पडतो. ताणून बांधलेला भाता तेवढा आकसून पुन्हा घट्ट होतो. ऑफिसात याचा उपयोग एवढाच, की दिवसभरात मनगट फुगलं-आकसलं तरी तो सामावून घेतो. पण त्या कडक घड्या केसजवळ पसरट बसतात, त्यामुळे लहान मनगटाला तो पट्टा अवघडच जातो.

नायलॉनचा नेटो पट्टा स्वस्त आणि पावसाला उत्तम. त्याचं मूळ ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३च्या मानकात आहे. एक पिन तुटली तरी घड्याळ पट्ट्यावर राहतं, हा त्याचा मोठा गुण. पण तो केसखालून दुहेरी जातो आणि घड्याळ अडीच-तीन मिमी वर उचलतो. १३.५चं घड्याळ सोळाचं होतं. जाड डायव्हरला एकेरी पट्टीचाच घ्या.

पट्टा बदलताना लगांतल्या स्प्रिंगच्या पिना बघा. सायकोच्या डायव्हरच्या पिना २.५ मिमी जाड आणि टोकं १.१ मिमीची असतात. बाजारातल्या साध्या पिनांची टोकं ०.८ मिमी. ती त्या भोकात बसतात, पण खेळत राहतात, भोक झिजवतात आणि जोराचा हिसका बसला की निसटतात. पट्ट्याबरोबर फुकट आलेली पिन वापरू नका, मूळचीच वापरा. पट्ट्याचं भोक जाड पिनेला अरुंद असेल तर १.१च्या टोकांची बारीक पिन वेगळी मिळते. बसवल्यावर दोन्ही टोकांचा टक आवाज ऐकू आला पाहिजे. मग पट्टा धरून जोरात ओढा आणि पिळून बघा.

बेझल एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. धक्क्याने सरकलीच तर पाण्यात घालवलेला वेळ जास्त दिसतो, माणूस लवकर वर येतो. एकशेवीस टिकटिकीची असेल तर एक टिक म्हणजे अर्धा मिनिट. घेताना बघायचं ते असं: त्रिकोण बरोबर बारावर येतो का, आणि थांबल्यावर मागेपुढे हलतो का. अर्ध्या टिकेचा खेळ असेल तर तो खुपत राहील. वापर मात्र रोजचा आहे: त्रिकोण मिनिटकाट्यावर आणला की मोदक किती वेळ उकडतायत हे न मोजता कळतं. बेझल फिरवायला जड झाली तर मशीन बिघडलेलं नसतं, खाली मीठ किंवा माती बसलेली असते. नळाखाली गोड्या पाण्यात फिरवत धुवा.

आट्यांची चावी बंद करताना आधी उलटी फिरवा, आटा खाली बसल्याचा हलका ठोका बोटाला लागतो, मग सुलटी. तीन-चार वळणांत अडली की थांबा. आटा तिरका धरून जोर लावला की नळीचे आटे जातात आणि पाणी तिथूनच शिरतं. ओल्या हाताने ती उघडायची नाही.

पाण्याबद्दल एक भेद लक्षात ठेवा. खऱ्या डायव्हरला आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: किमान १०० मीटर, अंधारात २५ सेंमीवरून वेळ वाचता येणं, आणि प्रत्येक नग लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला तपासलेला. तिथे डायलवर "डायव्हर्स" हा शब्द असतो. एसकेएक्सच्या जागी २०१९ मध्ये आलेली सायको ५ स्पोर्ट्सची घड्याळं केस, लांबी सगळं तेच ठेवून १०० मीटरची आहेत आणि चावी आट्यांची नाही. पाऊस, पोहणं, गणपती विसर्जन, सगळं चालेल. तारकर्लीला किंवा गोव्यात सिलिंडर लावून उतरणार असाल तर नवख्यांना १२ मीटरच्या पुढे नेत नाहीत, तरी तिथे २०० मीटरचं डायव्हर्सच घाला. गिझरच्या कढत पाण्यात कुठलंच नको. उष्णतेने रबरी वॉशर लवकर मरतं. क्वार्ट्झ असेल तर सेल बदलताना वॉशर नवं घालून दाबाची तपासणी करून घ्या. नाक्यावर सेल बदलून झाकण तसंच दाबलेलं डायव्हर पहिल्याच पावसात काचेआतून धुकं धरतं.

तुमच्या मनगटाला निवडायचं तर: लग-टू-लग ४६ ते ४८, जाडी साडेतेराच्या आत, चावी चारपाशी असेल तर उत्तम, पट्टा एफकेएम किंवा आतच वळणारी चेन. व्यास ४२.५ असला तरी हरकत नाही. ४४च्या ड्युरोला नाही म्हणणार नाही, पण त्याचा रेझिनचा पट्टा ताठ आहे, तो लहान मनगटाभोवती वळत नाही. मऊ पट्टा लावला की तेच घड्याळ वेगळं वाटतं.

राहिला ऑफिसचा शर्ट. डायव्हरच्या बेझलची दातेरी कड कफाला कानशीसारखी घासते, आणि सहा महिन्यांत डाव्या बाहीच्या आतले दोरे निघायला लागतात. कफाचं बटण लावलेलं असताना घड्याळ आत-बाहेर सहज सरकलं पाहिजे. नसेल सरकत तर शिंप्याकडून फक्त डाव्या बाहीचं बटण सेंटिमीटरभर बाहेर लावून घ्या.